जंतूंचे बिऱ्हाड

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पाणी खारट, आणि हाताला साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत. पिण्याच्या कामाचे नाही. या सरोवराचे पाणी २०२० सालच्या जून महिन्यात एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा निघाला. ते जीवाणूंचे दूरचे भाऊबंद. जिथे आपला निभाव लागणार नाही, तिथे ते सुखाने नांदतात. आणि आपल्या पोटात गेले तर त्यांचा तिथे निभाव लागत नाही. तात्पर्य काय, तर प्रत्येक जंतूचे एक बिऱ्हाड ठरलेले असते. हे बिऱ्हाड ओळखायला माणसाला फार वेळ लागला, आणि त्या उशिराची किंमत महाराष्ट्राने भरपूर मोजली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. आता गंमत अशी, की प्लेगचा जंतू तेव्हा अनोळखी नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञाने तो शोधून काढला होता. जंतू ठाऊक होता, पण तो राहतो कुठे आणि माणसापर्यंत येतो कसा, हे ठाऊक नव्हते. मग सरकारने काय केले? जंतूचे घर सापडेना, म्हणून माणसांची घरे धुंडाळली. भिंतींना चुना फासला, जमिनी उकरल्या, छपरांची कौले काढली, गटारांत जंतुनाशके ओतली, सामानसुमान जाळले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि आगगाडीच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात तर गोरे सोजीर घराघरांत शिरले. त्याचा संताप इतका, की २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या.

इतके होऊनही साथ हटेना. कारण उतारूंची तपासणी झाली तरी धान्याच्या पोत्यांत बसून जाणाऱ्या उंदरांची कोण करणार? मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला जातो. जलंबहून त्याचा एक फाटा खामगावच्या कापूसबाजाराला येतो. वऱ्हाडालाही प्लेगची झळ लागली ती लागलीच.

परंतु एक गोष्ट खेड्यापाड्यांतल्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी हेरली होती. घरात उंदीर मरून पडू लागले, की मागोमाग माणसे पडतात. म्हणून उंदीर पडताच लोक गाव सोडीत आणि शेतात, रानात झोपड्या घालून राहत. शास्त्राने जे नंतर सिद्ध केले, ते त्यांनी आधी आचरणात आणले होते, बरं का! १८९८ मध्ये पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, तेव्हा सरकारी आयोगाने ते मानले नाही. पुढे ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून मुंबईत काम करणारे चौकशी मंडळ यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवून पाहिले. पिसवा जिथे पोचत, तिथले प्राणी दगावत. जिथे पोचत नसत, तिथले वाचत. जंतूचे बिऱ्हाड सापडले: उंदीर हे घर, आणि पिसू ही वाहन.

या काळात दुसरा मार्ग काढला तो वाल्डेमार हाफकिन यांनी. घर सापडत नाही तर निदान माणसाचे शरीर तयार करू, हा त्यांचा विचार. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मांसरसावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

या हाफकिनांचे गुरू होते मेचनिकॉफ. शिष्य जंतूंशी झुंजत असता गुरू मात्र दह्यातल्या जंतूंचे गुण गात होते! आपल्याकडे घरोघरी विरजण लावणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. मेचनिकॉफ यांची दह्याने आयुष्य वाढते ही समजूत पुरती टिकली नाही. पण सगळे जंतू शत्रू नव्हेत, हे टिकले. आजच्या हिशेबाने आपल्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जीवाणू आहेत, म्हणजे शरीराच्या पेशींइतकेच जवळजवळ. बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, आपल्याला न पचणारा चोथा आंबवतात, के जीवनसत्त्वही तयार करतात. १८८५ साली एशेरिख यांनी तान्ह्या मुलांच्या शौचात शोधलेला जंतू यांतलाच. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी भाडेकरू. पण मूत्रमार्गात गेला तर दुखणे आणतो, आणि विहिरीच्या पाण्यात सापडला तर समजावे की पाण्यात मैला मिसळला, आता पटकी-विषमज्वराचेही भय आहे.

म्हणून पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे गोड्या पाण्याची विहीर म्हणजे गावाचा जीव, तिथे विहिरीचा कठडा, शौचाची जागा दूर आणि माठाला ओगराळे, ही औषधाइतकीच मोलाची. औषधांचेही तारतम्य हवे. जंतुनाशक गोळी भल्याबुऱ्या दोन्ही भाडेकरूंना झोडपते, आणि उगाच घेत राहिलो तर बुरे तेवढे सोकावतात.

बिऱ्हाड एकदा सापडले म्हणजे कायमचे मोडले, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने मराठवाड्यातले लोक घरे सोडून बाहेर राहू लागले. रिकाम्या घरांत धान्य राहिले, उंदीर माजले. पुढल्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रोगी आढळले. फरक इतकाच, की या खेपेला उंदीर आणि पिसू कुणाला शोधावे लागले नाहीत; औषधेही हाताशी होती. जंतू पृथ्वीवर आपल्या फार आधीपासून आहेत आणि आपल्यानंतरही राहतील. त्यांना हाकलून देणे आपल्या हाती नाही. त्यांचे बिऱ्हाड आणि आपले बिऱ्हाड यांच्यामधली भिंत शाबूत ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.