गुलाबी बगळे

परवा चैत्रात ऐरोलीला खाडीवर जाऊन आले. तिथे भरती-ओहोटीचे गणित पाहून होडी सोडतात. दोन्ही काठांना तिवरे, मागे उंच इमारती आणि चिखलावर रोहितांचा गुलाबी पट्टा. चोच उलटी बुडवून चाललेले त्यांचे जेवण पाहताना मला नेहमीप्रमाणे एक मुलगा आठवला.

१९९५-९६ सालची गोष्ट असेल. सहावीच्या वर्गात मी सांगत होते, की फ्लेमिंगो पाहायचे तर कच्छच्या रणात जावे लागते. मागच्या बाकावरचा, शिवडीच्या चाळीत राहणारा मुलगा उठला. "बाई, आमच्या जेट्टीमागे पण आलेत. लई गुलाबी." मी म्हटले, "बगळे असतील. बस खाली." वर्ग हसला. तो बसला.

पुस्तकाप्रमाणे मी चुकले नव्हते. मुंबईच्या खाडीत रोहितांचे मोठे थवे दिसू लागले तेच मुळी १९९४ च्या सुमारास. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच शहरातली. आधी असे थवे येत असते तर तिच्या नजरेतून सुटतेच ना! मग आत्ताच का आले? अभ्यासक सांगतात ते ऐकून मी तर थक्क झाले. शहराचे सांडपाणी खाडीत जाते, त्याने शेवाळ माजते, आणि लहान रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे हेच सूक्ष्म नीलहरित शेवाळ. पिसांतला गुलाबी रंगही त्यातूनच येतो. ज्या खाडीवरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, तिथे यांची पंगत!

पुढचा इतिहास सरकारी, तो झटकन सांगते. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचे सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. पण हद्दीच्या खुणा पक्ष्यांना कुठे वाचता येतात? भरतीने चिखल बुडाला की ते नेरूळच्या तळ्यांवर विसाव्याला जातात, आणि ती तळी अभयारण्याबाहेर. २० मे २०२४ च्या रात्री तर घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

असो. शिवडीच्या जेट्टीवर मी पहिल्यांदा गेले ती २००१ च्या वैशाखात. खरेच गुलाबी होते. मुलगा तोवर दहावी होऊन गेला होता. शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून पत्ता काढला, तर ती चाळच पाडलेली निघाली.