हुजूर पक्षाची पुनर्रचना, ब्रिटनमधील (१९४५–५१)

१९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील पराभवानंतर ब्रिटनमधील हुजूर पक्षाने सहा वर्षांत केलेली आपल्या धोरणाची व संघटनेची फेरमांडणी. पक्षाचे नेते विन्स्टन चर्चिल असले, तरी हे कार्य मुख्यतः नेत्याच्या पाठीमागे राहून काम करणाऱ्या सल्लागारांनी व संघटकांनी केले. पराभूत पक्षाच्या पुनरुज्जीवनात सल्लागारांचा वाटा किती असू शकतो आणि त्याला मर्यादा कोणत्या पडतात, हे समजण्याच्या दृष्टीने हा कालखंड उद्‌बोधक आहे.

हुजूर पक्षाला अशा प्रयत्नांची परंपरा होती. १८६८ च्या पराभवानंतर बेंजामिन डिझरेली याने जॉन गॉर्स्ट याच्याकडे संघटनेचे काम सोपविले. गॉर्स्टने १८७० मध्ये पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय उभारले आणि १८७४ मध्ये पक्ष बहुमताने सत्तेवर आला. १९४५ चा पराभव मात्र अधिक खोल होता. महायुद्ध जिंकून देणारा नेता असूनही पक्षाला व त्याच्या सहकाऱ्यांना केवळ २१३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. १९३० नंतरच्या दशकातील बेकारीची आठवण मतदारांच्या मनात ताजी होती. सामाजिक विम्यासंबंधीच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने निर्माण केलेल्या अपेक्षा मजूर पक्षच पुऱ्या करील, असे बहुसंख्यांना वाटत होते. हुजूर पक्षाविषयी अविश्वास होता, तो मुख्यतः ह्या प्रश्नांवर.

धोरणाच्या फेरविचाराची जबाबदारी रिचर्ड ऑस्टिन बटलर (१९०२–८२) यांच्यावर आली. पंजाबातील अटक येथे जन्मलेले बटलर १९३५ चा भारत सरकारचा कायदा संमत होत असताना इंडिया ऑफिसमध्ये उपमंत्री होते, तर १९४४ चा शिक्षणविषयक कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९२९ मध्ये स्थापन झालेला पक्षाचा संशोधन विभाग युद्धकाळात जवळजवळ बंद पडला होता. १९४५ मध्ये बटलर त्याचे अध्यक्ष झाले. विरोधी पक्षाच्या संसद-सदस्यांना माहिती व टिपणे पुरविण्यासाठी एक सचिवालयही निघाले व १९४८ मध्ये ते संशोधन विभागात विलीन झाले. रेजिनल्ड मॉडलिंग, इयन मक्लाउड व ईनक पॉवेल हे तिघे तरुण तेथे पगारी सल्लागार म्हणून दाखल झाले. ते त्या वेळी संसदेचे सदस्य नव्हते. १९५० मध्ये तिघेही निवडून आले आणि पुढे मंत्रिमंडळात गेले.

तपशीलवार कार्यक्रम जाहीर करून विरोधी पक्षाने स्वतःला बांधून घेऊ नये, सरकारच्या चुकांवर हल्ला करावा, असे चर्चिल यांचे मत होते. परंतु ऑक्टोबर १९४६ च्या ब्लॅकपूल अधिवेशनात निश्चित धोरणाची मागणी जोराने झाली आणि त्यांनी बटलर यांच्या अध्यक्षतेखाली उद्योगविषयक समिती नेमली. हॅरल्ड मॅक्मिलन, ऑलिव्हर स्टॅन्ली, ऑलिव्हर लिटल्टन व डेव्हिड मॅक्सवेल फाइफ हे तिचे प्रमुख सदस्य होत. मे १९४७ मध्ये समितीने ‘इंडस्ट्रियल चार्टर’ ही सनद प्रसिद्ध केली. कोळसा खाणी, रेल्वे व बँक ऑफ इंग्लंड यांचे राष्ट्रीयीकरण रद्द न करणे, पूर्ण रोजगारीची जबाबदारी शासनाने घेणे आणि कामगारांना नोकरीची शाश्वती, प्रोत्साहन व प्रतिष्ठा मिळवून देणे, ही तिची प्रमुख सूत्रे होती. त्याचबरोबर खाजगी उद्योगावरील नियंत्रणे सैल करण्याचाही तीत आग्रह होता. ब्रायटन येथील अधिवेशनात काही जुन्या सदस्यांच्या विरोधास न जुमानता ती प्रचंड बहुमताने संमत झाली. सनदेचा सारांश देणारा मजकूर मॉडलिंग यांनी चर्चिल यांच्या भाषणासाठी तयार केला, तेव्हा त्यातील एका शब्दाशीही आपण सहमत नाही असे चर्चिल म्हणाले, पण अधिवेशनात त्यांनी तो वाचून दाखविला, अशी आठवण मॉडलिंग यांनी नमूद केली आहे. सल्लागार धोरण सुचवू शकतो, पण ते पक्षाचे ठरते ते नेत्याच्या मुखातून, हे ह्या प्रसंगातून दिसते.

संघटनेची सूत्रे १९४६ मध्ये लॉर्ड वुल्टन यांच्याकडे आली. मोठ्या विक्रीभांडारांच्या व्यवसायातून आलेले व युद्धकाळात अन्नमंत्री म्हणून लोकप्रिय झालेले वुल्टन १९४५ च्या पराभवानंतरच पक्षाचे सदस्य झाले होते. त्यांनी १९४७ मध्ये दहा लक्ष पौंडांच्या निधीचे आवाहन केले व तो जमविला. मतदारसंघांत प्रशिक्षित पूर्णवेळ संघटक नेमण्यात आले. तरुणांसाठी स्वतंत्र संघटना, राजकीय शिक्षणाचे केंद्र आणि यॉर्कशरमधील स्विंटन येथील महाविद्यालय (१९४८) ह्या संस्था सुरू झाल्या. उमेदवारी बहुधा श्रीमंतांनाच परवडे. तीवर उपाय म्हणून मॅक्सवेल फाइफ समितीने उमेदवाराने स्थानिक शाखेस द्यावयाच्या वार्षिक वर्गणीवर २५ पौंडांची व संसद-सदस्याच्या वर्गणीवर ५० पौंडांची मर्यादा घातली. निवडणूक-खर्चाचा भार शाखांनी उचलावा, असे ठरले. त्यामुळे निधी जमविणे हे शाखांना आवश्यक झाले. उमेदवारांच्या सामाजिक स्तरात मात्र बदल सावकाशच झाला.

फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३१५ व हुजूर पक्ष आणि सहकाऱ्यांना २९८ जागा मिळाल्या. त्याच वर्षीच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी दरवर्षी तीन लक्ष घरे बांधण्याचे लक्ष्य पक्षाकडून मान्य करून घेतले. पुढे १९५३ मध्ये मॅक्मिलन यांनी ते पूर्ण केले. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्ष ३२१ जागा मिळवून सत्तेवर आला. मजूर पक्षास २९५ जागा मिळाल्या, तरी त्याची मते (४८·८%) हुजूर पक्षाच्या मतांहून (४८%) अधिक होती. उदारमतवादी पक्षाने १९५० मध्ये ४७५ उमेदवार उभे केले होते. १९५१ मध्ये ते १०९ वर आले आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या मतांचा मोठा भाग हुजूर पक्षाकडे वळला. १९४७ ची इंधनटंचाई, १९४९ मधील पौंडाचे अवमूल्यन आणि लांबलेली शिधावाटप पद्धती यांमुळे सरकारविषयीची नाराजीही वाढली होती.

म्हणून केवळ सल्लागारांमुळे विजय मिळाला, असे म्हणता येत नाही. सनद किती सामान्य मतदारांनी वाचली असेल, याविषयी इतिहासकारांनी शंका व्यक्त केली आहे. तिचे महत्त्व निराळे आहे. सरकारविषयी नाराजी निर्माण झाली, तेव्हा हुजूर पक्ष सत्तेवर आल्यास बेकारी परत येईल ही भीती बरीचशी ओसरलेली होती. नाराज मतदाराला जवळ करता येईल अशी जागा सल्लागारांनी आधीच तयार करून ठेवली होती.

सत्तेवर आल्यानंतर अर्थमंत्री बटलर यांनी पूर्वीच्या सरकारची चौकट बव्हंशी कायम राखली. पोलाद व मालवाहतूक हे उद्योग खाजगी क्षेत्रास परत देण्याचे ठरले. खाणी, रेल्वे व राष्ट्रीय आरोग्यसेवा यांना हात लावला गेला नाही. बटलर व मजूर पक्षाचे ह्यू गेट्स्केल यांच्या धोरणांतील साम्यावरून १९५४ मध्ये ‘बट्‌स्केल’ हे जोडनाव प्रचारात आले. प्रतिपक्षाचा कार्यक्रम स्वीकारून पक्षाने आपले वेगळेपण गमावले, हा आक्षेप पक्षातूनच पुढे आला. १९७४ मध्ये कीथ जोसेफ व मार्गारेट थॅचर यांनी धोरण-अभ्यास केंद्र स्थापन केले, ते ह्याच भूमिकेवरून. म्हणजे १९४७ ची तडजोड मोडण्यासाठीही पक्षाला नव्या सल्लागारांचाच आधार घ्यावा लागला.