रापा नुई : पुतळ्यांचे बेट पर्यटनस्थळ कसे झाले

प्रशांत महासागरातील रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेट, जेमतेम १६३ चौरस किलोमीटरचे आहे. ते चिलीच्या अखत्यारीत येते, पण चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब आहे. आज पर्यटक येतात ते ‘मोआई’ पाहायला. रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावरील मऊ दगडात कोरलेले हे पूर्वजांचे पुतळे संख्येने नऊशेच्या आसपास आहेत.

डच दर्यावर्दी याकोब रोखेवेन १७२२ च्या ईस्टरच्या दिवशी इथे पोहोचला, तेव्हा चौथऱ्यांवर पुतळे उभे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र चौथऱ्यांवरचे सगळे मोआई पाडले गेले. उभे राहिले ते केवळ खाणीच्या उतारावर खांद्यापर्यंत मातीत गाडले गेलेले. त्याहून मोठा घाला माणसांवर पडला. १८६२ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो लोक पळवून नेले, मागोमाग देवीची साथ आली आणि १८७७ मध्ये बेटावर केवळ १११ मूळ रहिवासी उरले.

१८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतले. पुढे जवळपास सगळी जमीन मेंढपाळीच्या कंपनीकडे गेली. रहिवाशांना हांगा रोआ या एका गावात कोंडण्यात आले आणि कुंपणाबाहेर जायला परवानगी लागू लागली. आपल्याच पूर्वजांचे चौथरे पाहायला परक्याची परवानगी मागावी लागणे, हा या बेटाच्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा अध्याय आहे. कंपनीचा करार १९५३ मध्ये संपला, तरी नौदलाचा अंमल होताच. पूर्ण नागरिकत्व मिळाले ते १९६६ मध्ये.

पुतळे पुन्हा उभे करण्याचे काम थॉर हायरडाल यांच्या १९५५-५६ च्या मोहिमेत सुरू झाले. अनाकेनाच्या किनाऱ्यावर बारा बेटवासीयांनी अठरा दिवसांत एक मोआई उभा केला. लाकडी वाशांनी पुतळा किंचित उचलायचा, तयार झालेल्या फटीत दगड सारायचे, पुन्हा उचलायचे. दगडांचा ढीग वाढत गेला तसा पुतळा उभा होत गेला. त्याच मोहिमेतले पुरातत्त्वज्ञ विल्यम मलॉय यांनी १९६० मध्ये आहू अकिवी येथील सात पुतळे उभारले. त्याच वर्षी चिलीतील भूकंपामुळे उसळलेल्या त्सुनामीने टोंगारिकीचे पंधरा मोआई आतवर फेकले. ते १९९०च्या दशकात जपानी क्रेनच्या मदतीने पुन्हा चौथऱ्यावर चढले. म्हणजे छायाचित्रांतली प्रसिद्ध रांग प्राचीन असली, तरी तिचे उभे राहणे अलीकडचे आहे.

पर्यटनाला खरा वेग दिला विमानाने. १९६७ मध्ये सान्तियागोहून नियमित उड्डाणे सुरू झाली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या नासाने अंतराळयानाच्या आणीबाणीच्या उतरणीसाठी धावपट्टी वाढवली आणि मोठी जेट विमाने येऊ लागली. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ७,७५० होती; पर्यटक मात्र वर्षाला लाखाच्या घरात पोहोचले होते. पाणी, कचरा आणि जमीन या तिन्हींवर ताण आला.

उद्यानाचा कारभार २०१७ मध्ये ‘माउ हेनुआ’ या मूळ रहिवाशांच्या संस्थेकडे आला. २०१८ पासून पर्यटकांच्या मुक्कामाची मर्यादा नव्वदऐवजी तीस दिवस झाली. कोरोनामुळे मार्च २०२० पासून बंद असलेले बेट ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले, आणि आता बहुतेक स्थळी स्थानिक वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही.