पुसद ते मुंबई : मजल, मैल आणि तास

दोन गावांमधील अंतर एकदा मोजून दप्तरी नोंदले म्हणजे ते कायमचे ठरले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवर, पूस नदीच्या काठी वसलेल्या पुसदचा पूर्वेतिहास पाहिला, तर वाहन बदलले, अंमल बदलला, की अंतरही बदलते, असेच प्रत्ययास येते.

आगगाडीपूर्वी या मुलखातील मालाची ने-आण मुख्यत्वे लमाण म्हणजेच बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. पाठीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी, गळ्यात घुंगरमाळा ल्यालेला म्होरक्या बैल आणि त्यामागे चरत चरत चालणारी रांग, असा तो काफिला नायकाच्या हुकमाने मुक्कामामागून मुक्काम करीत धान्य आणि मीठ वाही. त्यामुळे वाटेचा हिशेब कोसांत न होता मजलांत होई. आणि त्या मजलाही वैरण, पाणी नि नदीचा उतार यांच्या मर्जीवर लहानमोठ्या होत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला आणि पैनगंगेपलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा अंमल, राहिली. जवळचे नांदेड परक्या अंमलात गेले. पुढे १८६७ साली मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे अकोल्यावरून नागपुरास पोचली, तेव्हा पुसदकराला वाशीमवरून अकोला गाठण्यास बैलगाडीत जितका काळ घालवावा लागे, तितका अकोल्याहून मुंबईस लागेनासा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी कापसाच्या गाठींसाठी सुरू झाली, आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळास जोडला गेल्यावर सरकारी कामाची वाटही पश्चिमेची पूर्वेकडे वळली. या अरुंद मार्गाची दारव्ह्याहून पुसदपर्यंत आलेली शाखा मात्र टिकली नाही.

१९४९ साली देशात रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची तेथे अदलाबदल होई आणि ती विमाने उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. टपालापाठोपाठ सत्ताही जवळ आली : ज्या तांड्यांनी एकेकाळी हा मुलूख पायी तुडविला, त्याच बंजारा समाजातील, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मुंबईच्या सत्तेशी पुसदचे नाते इतके निकट झाले, तरी रस्त्याचा पल्ला तसाच राहिला.

आज पुसद–मुंबई हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरते, म्हणजे विमानाला तासाभराचाच मामला. परंतु पुसदहून नागपूरचे विमान गाठावयाचे, तर पश्चिमेस जाणाऱ्याने प्रथम ईशान्येकडे, सरळ रेषेतच सुमारे २०० किलोमीटर जावे, मग विमानात बसून वऱ्हाडाच्याच आकाशातून दीड तासात मुंबईस उतरावे, असा उलटा क्रम पत्करावा लागतो; नांदेडची विमानसेवा तर कधी सुरू, कधी खंडित. वेळापत्रकातील दीड तासात ही पायपीट धरलेली नसते. म्हणून मधल्या गावांचा प्रवास मोजताना आकाशातील वेळ सर्वांत शेवटी जमेस धरावा. वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्ग पुसदपर्यंत पुरा झाला, म्हणजे मुंबई जितकी जवळ येईल, तितकी ती कोणत्याही वेगवान विमानाने येणार नाही.