हिंगण्याची जागा, हिंगण्याची वाट

शाळा वाढवायला कुणी फुकट जमीन देऊ केली की आपण आधी हार आणतो. वाटेचं मग बघू म्हणतो. म्हणून आज हिंगण्याची हकिगत.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. गावात प्लेग, त्यात लोकांचा विरोध. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. जागा शहराबाहेर तीन-चार मैल. धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे कर्वे ती वाट पायी तुडवत.

त्या पायपिटीचं कौतुक सगळेच करतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. मुली आश्रमातच राहत होत्या. रोजची ये-जा कर्व्यांची होती. म्हणून ती जागा चालली.

आपल्या मुली तर रोज घरून जाणार. तेव्हा बक्षीसपत्र होण्याआधी तलाठ्याकडे गावनकाशा बघा: वाट नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या बांधावरून? मध्ये ओढा असेल तर जागा बघायला आषाढात जा.