मांत्रिकाचा दारूगोळा: रोल-प्लेइंग गेममधील जादूच्या नियमांचा आरंभकाळ

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि तोंडी कथा रचत ज्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका वठवतो, तो रोल-प्लेइंग गेम अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील युद्धखेळांतून, म्हणजे छोटे सैनिक पटावर मांडून मोजपट्टीने अंतरे मोजत लढवल्या जाणाऱ्या लढायांतून जन्माला आला, आणि या खेळातील जादूचे नियम समजून घ्यायचे तर हे मूळ विसरून चालत नाही. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली मध्ययुगीन लढायांसाठी रचलेल्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकाच्या अद्भुतविषयक पुरवणीत मांत्रिक अवतरला खरा, पण त्याचा अग्निगोळा दगडफेकीच्या मोठ्या यंत्राइतक्या आणि त्याची वीज अवजड तोफेइतक्या क्षेत्रावर मारा करत असे. मांत्रिक हा तेथे दाढी आणि झगा असलेला तोफखानाच होता.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावातून, पेटीत घातलेल्या तीन पुस्तिकांच्या रूपाने, पहिल्या खेपेस हजार प्रतींत निघाला, तेव्हा पलटणीऐवजी एकेकटे पात्र खेळवायचे असल्याने नवा पेच उभा राहिला. अग्निगोळा हवा तेव्हा टाकता येत असेल, तर तलवार घेऊन शेजारी उभ्या असलेल्या गड्याने करायचे काय? जादूचे नियम रचणाऱ्या प्रत्येकाला पुढे याच प्रश्नाशी झुंजावे लागले, आणि जादूने काय साधते यापेक्षा ती कशाच्या मोबदल्यात मिळते हे ठरवणे हेच या कलेचे खरे मर्म ठरले.

गायगॅक्स यांना उत्तर सापडले ते जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० च्या कथासंग्रहात. व्हान्स यांचा मांत्रिक पोथीतून मोजकेच मंत्र डोक्यात भरून घेतो, आणि मंत्र उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून समूळ पुसला जातो. मराठी वाचकाला ही कल्पना उलटी वाटणे साहजिक आहे, कारण आपल्याकडे मंत्र जपाने सिद्ध होतो, आवर्तनांनी त्याचे बळ वाढते, तर येथे तो एकदाच उडणाऱ्या बारासारखा आहे. पण तोफखान्याच्या हिशेबात हीच कल्पना चपखल बसली: स्मृती म्हणजे दारूगोळ्याचे कोठार आणि पाठ केलेला मंत्र म्हणजे त्यातला एक गोळा. पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे, त्यामुळे तो केव्हा खर्ची घालायचा याची घालमेल हाच खेळाचा गाभा बनला. व्हान्स यांचे हे ऋण गायगॅक्स यांनी १९७६ मधील लेखात मोकळेपणाने मान्य केले.

याच खेळाच्या १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकाने प्रत्येक मंत्राला उच्चार, हस्तमुद्रा आणि द्रव्य यांपैकी काय काय लागते ते नेमून दिले. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काच यांची कांडी लागे, म्हणजे घर्षणाने विद्युत निर्माण करण्याचे शाळेतले साहित्य. अग्निगोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची गोळी लागे, आणि या विष्ठेतून सोरा मिळतो हे ध्यानात घेतले की ही तोफेच्या दारूचीच सामग्री होय. द्रव्यांच्या या यादीत जुना तोफखाना पुन्हा डोकावतो.

पर्यायही लवकरच पुढे आले. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (१९७५) मध्ये मांत्रिक स्वतःच्या शारीरिक बळाचे गुण खर्च करतो, म्हणजे जादूने तो अक्षरशः थकतो. आज संगणकीय खेळांत सर्रास दिसणाऱ्या शक्तिगुणांच्या हिशेबाचे हे आद्य रूप. स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांच्या ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) जादू मांत्रिकाच्या मक्तेदारीतून सोडवून प्रत्येक पात्राच्या हाती दिली, मात्र देवतेचे थोर सामर्थ्य हवे असेल तर आपल्या आत्मबळाचा अंश कायमचा अर्पण करण्याची अट घातली. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये (१९८१) मोबदला म्हणून मानसिक संतुलनच ढळू लागले.

या साऱ्यांत सर्वाधिक अभिजात रचना जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’ची (१९८७) म्हणावी लागेल. तिने मंत्रांच्या यादीखाली एक व्याकरण घातले: पाच लॅटिन क्रियापदे, दहा नामे, आणि त्यांच्या जोडीतून पन्नास प्रकारची जादू. ‘क्रिओ’ म्हणजे निर्माण करणे आणि ‘इग्नेम’ म्हणजे अग्नी, या दोहोंत पारंगत असलेला मांत्रिक पोथीत नसलेला परिणामही जागच्या जागी रचू शकतो, जरी तो घोकून तयार केलेल्या मंत्रापेक्षा दुबळा ठरतो. येथे मोबदला द्यावा लागतो तो वर्षानुवर्षांच्या अध्ययनाचा, आणि जादू ही विद्या आहे हे विधान नियमांतूनच सिद्ध करणारी ही पहिली थोर कृती आहे.

मूळ खेळाने मात्र आपला वारसा सोडला नाही. २०१४ च्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत उच्चारलेला मंत्र विसरला जात नाही, केवळ त्या दिवसाच्या वाट्यातला एक बार कमी होतो. पण अग्निगोळा १९७४ प्रमाणेच तिसऱ्या पायरीचा मंत्र आहे, आणि त्यासाठी अजूनही वटवाघळाची विष्ठा आणि गंधकच लागते.