एक नाव, अनेक कामे

मराठीतले ‘काढणे’ हे मोठे कष्टाळू क्रियापद आहे. आपण रांगोळी काढतो, विहिरीचे पाणी काढतो, अडीनडीला कर्ज काढतो आणि कसेबसे दिवसही काढतो. कामे किती निराळी! पण ऐकणारा अडखळत नाही. शेजारचा शब्द पाहून तो अर्थ लावतो. संगणकाच्या भाषांत या युक्तीला ‘प्रोसीजर ओव्हरलोडिंग’ म्हणतात. पगारपत्रके आणि खातेवह्या सांभाळणाऱ्या भाषांना ती कशी लाभली, याची कथा ऐकण्याजोगी आहे.

प्रोसीजर म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि नाव घेताच पार पडणारी कृती. १९५९ साली अमेरिकेत व्यापारी हिशेबासाठी कोबोल भाषेची आखणी सुरू झाली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेची तिच्यावर दाट छाया होती. कोबोलचे ‘ॲड’ हे क्रियापद मुळातच शहाणे. आकडा पूर्ण असो वा दशांशाचा, बेरीज एकाच शब्दाने होई. पण ही मुभा भाषेच्या स्वतःच्या शब्दांना होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रचलेल्या कृतींना नव्हती.

१९६४ साली आयबीएमने पुढे आणलेल्या पीएल/वन भाषेत ही उणीव भरून निघाली. तीत अनेक कृतींवर ‘जेनेरिक’ असे एकच नाव ठेवता येऊ लागले. त्याच कंपनीची आरपीजी ही भाषा तर १९५९ च्या सुमारासची. कारखाने आणि पेढ्या यांचे हिशेब तिने दशकानुदशके वाहिले. पण तिला ही सोय मिळाली ती २०१९ च्या सुमारास, साठीला आल्यावर!

सोयीचे मोल एका उदाहरणावरून कळेल. तारीख, वेळ आणि संदेश छापण्यासाठी तीन कृती आहेत असे समजा. पूर्वी तिन्ही नावे पाठ हवीत. आता तिन्हींवर एक सामाईक नाव ठेवायचे. मजकूर यंत्रभाषेत नेणारा कंपायलर दिलेला जिन्नस पाहून योग्य कृती निवडतो. एकही जुळली नाही, किंवा दोन जुळल्या, तर तो तिथेच अडवतो. चूक पगाराच्या दिवसापर्यंत पोहोचत नाही. शिवाय उद्या एखादी नोंद आकड्याऐवजी खऱ्या तारखेच्या रूपात ठेवायची ठरली आणि तिची कृती यादीत असली, तर शेकडो ठिकाणी नाव बदलत बसावे लागत नाही.

मात्र कंपायलर जात ओळखतो, हेतू ओळखत नाही. एका वहीत तारीख दिवस-महिना-वर्ष अशा आठ अंकांत असेल आणि दुसरीत वर्ष-महिना-दिवस अशी, तर त्याच्या लेखी दोन्ही नुसते आकडेच. तिथे दोन कृतींची नावे वेगळीच हवीत; नाहीतर व्याजाचा हिशेब चुकेल आणि त्याचा भुर्दंड कर्जदाराला बसेल.

‘काढणे’ही याला अपवाद नाही. दिवाळीच्या पहाटे सुनेला ‘रांगोळी काढ’ म्हटले, तर नवी रेखाटायची की कालची पुसायची? म्हणून जाणत्या सासूबाई ‘कालची पुसून टाक’ असे वेगळ्या शब्दांत सांगतात. कामाचा गाभा एक असेल तिथवर नाव एक ठेवावे. गाभा बदलला की नावानेही बदलावे.